तपासणी

घरी सांगितलं, मालनचे डोळे दाखवायला नेते.
सून म्हणाली, कुठल्या डॉक्टरकडे?
म्हटलं, मार्व्याला एक आहे, स्वस्त आणि हाताला गुण असलेला.
खोटं बोलायचं तर पत्त्यासकट बोलावं,
हे मी बिस्किटांच्या कंपनीत शिकले,
सुपरवायझर निमकरकडून,
जो दर महिन्याला एका नव्या मावशीच्या तेराव्याला जायचा.

मालन धक्क्यावर आधीच हजर.
अबोली साडी, कडक इस्त्री, पायात लेकीचे बूट.
डोळे तपासायला एवढं नटतात का गं?
म्हटलं, डॉक्टर तरुण आहे.

होडीत आमच्यासोबत तीन मोटारसायकली,
गोणपाटातली बर्फाची लादी,
आणि मांडीवर केकचा खोका धरून बसलेला एक पोरगा,
प्रत्येक लाटेला श्वास रोखणारा.
खाडी ती केवढीशी,
पण मालननं माझा दंड धरला
तो मनोरी आली तरी सोडेना.
मला वाटलं, पाण्याला भिते.

रिसॉर्टात मधल्या वाराचा शुकशुकाट.
पोहायचा तलाव कोरडा,
तळाच्या निळ्या फरशीवर एक चप्पल, एक झोपलेलं मांजर.
गाणी मात्र चालू, मोठ्यानं, कुणासाठी कोण जाणे.
टाय लावलेलं पोरगं आलं. मावशी, चहा?
मालन म्हणाली, बिअर. एक. ग्लास दोन.
आणि बोंबील कुरकुरीत आण,
मागच्या वेळेसारखे लिबलिबीत नकोत.
मागची वेळ अशी कधी नव्हतीच.
पोरगं सॉरी म्हणून गेलं
आणि आम्ही टेबलाला कपाळ टेकवून
पोट दुखेपर्यंत हसलो.

मग नेहमीचंच.
कोण गेलं, कुणाचे गुडघे बदलले,
पीएफचे ते अडकलेले पैसे.
बेल्टवरून बिस्किटं यायची,
आपण बघायचोसुद्धा नाही,
बोटंच मोजायची, सोळा, सोळा, सोळा.
मालननं हवेत बोटं हलवून दाखवली.
अजून नेमकी सोळावर थांबतात.

सूर्य गेला तेव्हा आमचं लक्ष बोंबलांत होतं.
मान वर केली तर पाण्यावर होड्यांचे दिवे.
मी म्हटलं, चल, तपासणी. मोज बघू.
ती मोजू लागली, शाळेतल्यासारखी, बोट नाचवत.
चार.
नीट मोज.
चारच आहेत.
मी मोजले. नऊ.
पुन्हा मोजले. नऊ.
म्हटलं, डावा डोळा झाक आणि बघ.
ती ग्लासातला फेस बघत म्हणाली,
डाव्याचं काय झाकायचं आता.

गाणं संपलं. दुसरं सुरू झालं.

कधीपासून?
दिवाळीपासून. आधी वाटलं, कंदिलाचा धूर गेला.
सांगितलं नाहीस.
तू कधी विचारलंस?
आज विचारलंस, तेही खोटं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी बोंबलाचा शेवटचा तुकडा तिच्या बशीत सरकवला,
तिनं तो चाचपून उचलला,
आणि तेवढ्या एका चाचपण्यात
मला सगळं वर्ष दिसलं:
लग्नात सांडलेली कढी, रिक्षाचे चुकलेले पैसे,
बाजारात माझ्यासमोरून न बोलता गेलेली ती,
आणि मी धरलेला आठवडाभराचा राग.

बिल तिनं दिलं. नोटा मी मोजल्या.
परतताना मी तिच्या डाव्या अंगानं चालले.
वाळूत एक खड्डा होता,
मी म्हटलं, खड्डा.
ती म्हणाली, माहितीये, आणि त्यात पाय घातला,
आणि दोघी पुन्हा हसलो,
पण मघासारखं नाही.

होडीत तिनं दंड धरला.
या वेळी मी हात तिच्या हातावर ठेवला.

घरी सून जागीच होती.
काय म्हणाले डॉक्टर?
म्हटलं, थेंब घालून बघायचंय.
गुरुवारी परत बोलावलंय.
हे बोलताना मला पत्ता लागला नाही.

मग मोरीचं दार लावलं
आणि पाय धुताना निघाली ती वाळू
तांब्यातांब्यानं जाळीकडे लोटत बसले.
बरीच होती.