संत्र्याचा कागद

इस्त्री कोमट हवी. मधे सुती रुमाल.
आणि शिंक आली तर आधी दूर व्हायचं,
कारण संत्र्याचा कागद म्हणजे कांद्याचा पापुद्रा,
फक्त रंगवलेला.

ग्दिनिया बंदरामागच्या जुन्या मासळी-गोदामात
आता प्रदर्शनं भरतात: काडेपेट्यांची, साबणाच्या वेष्टनांची,
मागच्या हिवाळ्यात तर नुसत्या बिअरच्या बुचांची.
मी तिथली इस्त्रीवाली.
पगाराच्या कागदावर हुद्दा चांगला लांबलचक आहे,
पण हात तोच, चटकाही तोच.

या खेपेला दोनशे अकरा कागद.
तेओदोझ्या बाईंनी लॉगरिदमच्या पुस्तकात दाबून
साठ वर्षं सांभाळलेले.
सिसिलीहून बोटीनं संत्री यायची, नाताळच्या तोंडावर,
एकेक फळ असं नटूनथटून, जणू वऱ्हाडात चाललंय.
एका कागदावर चिरूट ओढणारा पाणघोडा.
एकावर सायकलवरची नन, टाचा उघड्या.
एकावर झेपेलिन.
संत्र्याला झेपेलिन कशाला, हे कुणी विचारलं नसावं;
छापखान्यात असल्या प्रश्नांना वेळ नसतो.

सत्त्याऐंशी नंबरवर एक मुलगी आहे.
तिच्या ओठांचा लाल घसरून गालावर गेलाय.
रॉटरडॅमहून आलेले दोन तज्ज्ञ तिच्यासमोर
पाऊण तास उभे होते.
एक म्हणाला, बंडखोरी. दुसरा म्हणाला, छे, विरह.
मी मनात म्हटलं, जेवणाची सुट्टी.
चौथा रंग चढवताना कुणाला तरी भूक लागली होती.

त्याच कागदावर माझ्याकडून चूक झाली.
फोन वाजला, धाकट्याच्या शाळेतून,
परत आले तोवर इस्त्री तापलेली,
आणि मी बोट लावून पाहिलं नाही.
रुमाल उचलला.
कागदाच्या पाठीवर, तपकिरी, गिचमिड,
अक्षरं वर येत होती,
संत्र्याच्या रसानं लिहिलेली, बहुतेक काडीनं:

आईच्या दोन फोडी मीच खाल्ल्या. मांजरीने नाही.

मांजर कुठली संत्रं खायला!
पण त्या घरात आळ तिच्यावरच टिकला असणार,
ती मेल्यावरसुद्धा.

नियमाप्रमाणे सगळं लिहून ठेवायला हवं होतं.
नोंदवहीत मी लिहिलं: किंचित डाग, मागील बाजूस.
आणि मुलगी समोर, कबुली भिंतीकडे,
अशी ती काचेत बसवली.

उद्घाटनाला तेओदोझ्या बाई आल्या,
नातवाच्या दंडाला धरून, फरची टोपी न काढता.
पाणघोड्यापाशी हसल्या. झेपेलिनकडे पाहून मान हलवली.
सत्त्याऐंशीसमोर मात्र
काचेला नाक लागेपर्यंत वाकल्या.
कागद इतका पातळ, की मुलीच्या कपाळावर
उलटी अक्षरं उमटलेली.
नातू म्हणाला, आजी, चल, केक संपतोय.

त्यांनी वळून गर्दीत माझे हात शोधले,
तोंड नव्हे, हात,
आणि म्हणाल्या, "इस्त्री जरा जास्तच तापली होती वाटतं."
मी हो म्हटलं.
"मुर्का नाव होतं तिचं," त्या म्हणाल्या.
"फार गुणी मांजर."