मागचं नख

लिबेनच्या माळावर, उजाडता उजाडता,
हलाकेनं मला दंडाला धरून थांबवलं.
पुढं पाऊल टाकू नका.
मी बघत राहिले: गवत, शेणाची वाळली पो,
पुन्हा गवत.
मग त्यातलाच एक तपकिरी तुकडा
उठून चालू लागला.

डोकं अंगाला थोरलं, मान बारीक,
शेपूट घाईघाईत कातरल्यासारखी,
आणि मागचं नख, केवढं ते!
फांदी कधी न धरलेल्या पायाचं नख.
काडीवर काडी आडवी पडते
तेवढ्या आधारावर तो उभा.

वहीत लिहिलं: चंडोल, एक.
तोवर तो वर गेला,
शीळ घातली, थांबला, तीच शीळ पुन्हा घातली.
वरून त्याला सगळं दिसत असणार:
उत्तरेला सरकत येणारी बाभूळ,
पश्चिमेला मक्याची नवी शेतं,
मधे उरलेला त्याचा मुलूख,
सकाळच्या चहाला निघालं
तर जेवायच्या आत ओलांडून होईल एवढा.

रात्री दिरामूनं चहात दूध जरा जास्तच ओतलं.
मी अदिसहून आलेली, कागदातली माणूस; सांगत सुटले:
दूर देशी एका खणात एक पक्षी आहे,
डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठी.
सरहद्दीपलीकडं मारलेला. त्याची जात वेगळी मानत.
आता पिसं जुळवली, रक्त जुळवलं,
तो आणि तुमचा हा, दोघं एकच निघाले.
एक नाव खोडलं.

"राहिलं कुणाचं?"
थोरल्याचं.
म्हणजे ज्याला आधी मारून नेलं, त्याचं.

हलाके हसला. दिरामू हसली नाही.
"आमच्या विहिरीवर परका आला की
आधी कूळ विचारतो.
जुळलं, तर तो भाऊ. त्याची गुरं पाणी पितात.
तुमचा हा भाऊ राहतो कुठं?"

थोडे आहेत म्हणतात जिगजिगाकडं.
पण तो, खणातला, त्याच्या गावचे…
शंभर वर्षं झाली, कुणाला दिसले नाहीत.

तिनं किटली निखाऱ्यांवरून उतरवली.
"सापडला त्या दिवशीच गेला म्हणायचा."
पुढं बराच वेळ कुणी बोललं नाही.
वासरू तेवढं खोकत होतं.

सकाळी ती कुंपणाशी भेटली.
राखीव गवताभोवतीचं हे काट्याचं कुंपण
गावानंच घातलेलं, तिनंही.
तिचं वासरू बाहेर,
बरगड्या मोजता येतील असं,
आतल्या गवताकडं बघत होतं.
ती एक भगदाड बुजवत होती.
तळहातातला काटा दातांनी काढून थुंकली,
दुसरी फांदी ओढली.

आत नऊ मोजले, बाहेर दोन.
बारावा आतून उठला,
नेमका कुंपणावर येऊन गात राहिला
आणि दगडासारखा
बाहेर, चरलेल्या जमिनीवर पडला.

"हा कुठल्या रकान्यात?" हलाकेनं विचारलं.
मी 'आत' लिहिलं. खोडलं.
पेन्सिल तशीच धरून राहिले.
तो वासराच्या पायांमधून चालत होता.