लाल दोरा

नफीसाने पुस्तक देताना
शेवटची चोवीस पानं
विडीच्या लाल दोऱ्याने बांधून दिली.
“तुझी खोड माहितेय मला,” म्हणाली,
“खुन्याचं नाव आधी बघून घेतेस.”

आज पाण्याचा पाचवा दिवस.
रात्रीचा दीड, घागरी रांगेत,
पत्र्यातून सोलापूरचा मे अजून खाली ठिबकतोय.
मी उंबऱ्यात, मांडीवर सहाशे पानांचं शहर:
तिथे अत्तरवाला मेलाय,
खोलीला आतून कडी,
आणि फरशीवर धुराचं एकच पाऊल.
सगळे म्हणतात, जिन्न.
एकटी गुलरुख कुलूपवाली म्हणते,
थांबा, कडी मला बघू द्या.
तिची मावशी वाळूचे नकाशे काढते,
वारा सुटला की पुन्हा काढते.
आणि जिन्न बसलाय पितळी तपेल्यात, रुसून.
तीनशे वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणी विचारलं,
“त्या रात्री तू कुठे होतास?”

“मोठ्यानं वाच की,” आई म्हणाली.
तिच्या मांडीवर सूप, कात्रीत तेंदूपान,
बोटांकडे बघतही नाही.
मी वाचते, ती मध्येच तेलुगूत हुंकारते.
जिन्नाने उसासा टाकला
आणि नळानेही टाकला,
फुस्स,
नुसती हवा.
दोघी दचकलो. मग हसू आवरेना,
बोळातला यंत्रमागसुद्धा खडखडून हसल्यासारखा.

पान दोनशे बारा. मुनीम आला,
मऊ आवाजाचा, अत्तराच्या कुप्या मोजणारा.
आईची कात्री थांबली.
“ह्यानंच मारलं.”
“अगं, अजून निम्म्याहून जास्त आहे!”
“वहीत कुप्या किती मांडल्या?”
“एकशे ऐंशी.”
“आणि त्या बाईनं दिलेल्या?”
मी पानं मागे उलटली.
दोनशे.
“तीस वर्षं ब्रँचला विड्या देते मी.
हजारात पन्नास छाट काढणारा
असाच अक्का-अक्का करतो.
धुराला काय धरता?
धूर तर आम्ही रोज दोऱ्यानं बांधतो.”

मला इतका राग आला
की लाल दोऱ्याला नखच लावलं असतं,
तेवढ्यात नळ गुरगुरला, खोकला,
आणि एकदम धो धो.
घागरी, पिंप, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा.

ओल्या हातांनी ती परत सुपाशी बसली.
“हं. कडीपाशी होती ना ती. पुढं वाच.”
“तुला तर सगळं कळलंय.”
“मला कळलंय,” आई म्हणाली,
“तिला कुठं कळलंय अजून?”