मोकळी ओळ

शाहूपुरी तिसऱ्या गल्लीत आमचा छापखाना.
मी जुळारी. खिळे उलटे वाचायची सवय
डोळ्यांतनं अजून गेलेली नाही.
बाहत्तर साली भिंतीला सायकल टेकवून
गौस चित्तेवान मास्तर आत आले,
पिशवीत चाळीस पानं, वर अर्धा डझन केळी.
म्हणाले, पहिल्या शब्दाखाली एक ओळ मोकळी सोडा.
मी म्हटलं, मास्तर, कागदाचा भाव बघा जरा.

मग बसले. सांगितलं.
आजा दरबारचा चित्तेवान.
मोंबासाहून आगबोटीनं पाच चित्ते आणले,
तीन उतरले.
एक खलाशी रोज रात्री पिंजऱ्यापाशी यायचा,
आधी हाक द्यायचा : पाऊक्वा!
ऐकणाऱ्यानं म्हणायचं : पाकावा!
म्हटलं नाही तर गोष्ट तोंडातच राहते,
ससा बिळातनं निघत नाही,
तरस वाट सोडून झोपतो.
"आपल्यात हुंकार देतात, तसंच की."

सोडली ओळ.
मोकळी ओळही शिशाचीच असते,
भरलेल्या ओळीइतकीच हाताला जड,
फक्त शाईपेक्षा बुटकी.

अकरा पुस्तकं निघाली.
ससा पंचगंगेच्या मळीत उसात राहायला आला,
तरसानं गुऱ्हाळावर काहील चाटून जीभ भाजून घेतली,
कासव रंकाळ्याच्या कट्ट्यावर
कुणाचंही ऐकायचं, मत द्यायचं नाही.
पुण्याच्या एका परीक्षकानं लिहिलं :
हे ना तिकडचं, ना इकडचं.
मास्तरांनी कात्रण मलाच आणून दिलं.
"बरोबर आहे. आगबोटीवरचंय."

मोंबासा त्यांनी कधी बघितलं नाही.
एकदा विद्यापीठातलं केनियाचं पोरगं
जेवायला घरी नेलं, आणि
रस्सा वाढता वाढता अचानक हाक दिली.
पोराचा हात ताटात थांबला.
उत्तर आलं, पण उशिरा,
लहानपणाइतक्या लांबनं.

अकरावं पुस्तक माझ्या पोरानं संगणकावर लावलं.
ओळ आपोआप मिटली.
मास्तर पान उन्हाकडं धरून बराच वेळ बघत राहिले.
"शब्द आहे रे. थांबायला जागा नाही."

परवा बागल चौकात माती देऊन आलो.
सगळे खिळे कधीच मोडीत गेले, किलोवर.
शिशाची एक पट्टी तेवढी खिशात आहे.
तिच्यानं काही छापत नाही.
चालताना मांडीला लागते,
आणि मी, रस्त्यात,
कुणी हाक दिली नसताना...