आठशे अंशांवर कापूर

पंचवटीतला दुकानदार म्हणाला,
"मोठी पूजा दिसतेय, ताई."
पाव किलो कापूर. मी म्हटलं, तसंच काहीसं.
पावती भौतिकशास्त्र विभागाच्या नावावर मागितली
तेव्हा त्याने चष्मा काढून
मला एकदा नीट पाहून घेतलं.

फेरोसीनसोबत खलात घोटते.
पांढऱ्यात नारिंगी उतरत जातं.
हातमोज्यांनासुद्धा देवघराचा वास.

अंबडहून आर्गॉन येतो, वेल्डिंगवाल्यांच्याच टेम्पोतून.
पुंजाराममामा सिलिंडर तिरका धरून
तळाच्या कडेवर गोल गोल फिरवत आणतात,
रुसलेल्या पाहुण्याला घरात आणावं तसा.

मग वीस मिनिटं नुसते बुडबुडे मोजायचे.
नळीतली हवा शेवटच्या घोटापर्यंत हाकलायची.
हवा राहिली तर कापूर पेटेल,
आणि पेटला की कापूरच तो,
मागे काही ठेवायचा नाही.
इथे त्याला जळू द्यायचं नसतं.
तुटू द्यायचं.

आठशे अंश.
क्वार्ट्झच्या पोटात संध्याकाळ झालेली.
अलीकडच्या टोकाला कापराची वाफ होते, पुढे सरकते,
लोखंडाचे कण कार्बन पितात, पीत राहतात,
आणि पोटात मावेना झालं
की त्याचीच नळी काढू लागतात
म्हणे.
मी पाहिलेलं नाही. आत बसून कुणीच पाहिलेलं नाही.
मी वहीत लिहिते: ११.४०, प्रवाह स्थिर.

मागच्या मंगळवारी सातपूरचा फीडर गेला
ऐन वाढीच्या वेळी.
निघाली ती निव्वळ काजळी.
मामा म्हणाले, "डोळ्यात घालायला तरी चालंल का?"
तेव्हा राग आला.
हसू आलं द्वारकेला, बस बदलताना, एकटीलाच.

आज भट्टी रात्रभर थंड होऊ दिली.
सकाळी पट्टीवर काळा थर, मखमलीसारखा,
उजेड पडला तरी परत न देणारा.
श्वास रोखून खरवडला.
बारा मिलिग्रॅम.

उभ्या वाढल्या असतील तर ते जंगल आहे,
एकेक खोड केसाच्या चार हजाराव्या भागाएवढं
आणि आतून पोकळ.
गुंता असेल तर गुंता.
पुण्याचा मायक्रोस्कोप एकवीस तारखेला मोकळा आहे,
तोवर डबीवर नाव, तारीख,
आणि झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करणं.

कापूर संपलाय.
दुकानदार वजन करता करता विचारतो,
"फळली का हो, मागची?"
मी सांगते, अजून बघायचंय.
तो मान हलवतो,
जणू हे उत्तर त्याला रोजच मिळतं,
आणि चार वड्या जास्तीच्या टाकतो.
पावतीत त्या नाहीत.