सरावाचं गाव

रोजचे पंच्याहत्तर पौंड, वर दुपारचं जेवण.
काम सोपं आहे. रडायचं.
पीटरबरोहून पहाटे साडेपाचला बस निघते,
थेटफर्डजवळच्या पाइनच्या रानात शिरते.
तिथे मातीच्या रंगाच्या भिंतींचं गाव.
हात मारला की भिंती पोकळ वाजतात.
अकरा नंबरच्या घरातली बाई मी.
माझा मुलगा, म्हणजे पोलंडचा झिग्मुंट, वय एक्केचाळीस,
दिवसातून चारदा अंगणात मरतो,
आणि मी दारातून धावत यायचं, ऊर बडवायचा,
सैनिकांच्या अंगावर ओरडायचं.

कुठल्या भाषेत, मी पहिल्या दिवशी विचारलं.
सार्जंट कागदातून मान वर न काढता म्हणाला,
तुमच्या. पोरांना कळायला नको, एवढंच.

मग सुटलेच.
मेल्यांनो, काल दूध उतू गेलं, शेगडी कोण पुसणार?
अर्धा किलो घेवडा! पाव किलो गवार!
नणंदेनं माझ्या पाटल्या अजून दिल्या नाहीत रे देवा!
वीस वर्षांत या देशात
इतक्या मोठ्यानं मराठी मी बोलले नव्हते.

त्या पोरांत एक डेन्झिल.
कॉर्नवॉलचा, कोळ्याचा मुलगा, एकोणीस सरलेली नाहीत,
मानेची कातडी उन्हानं सोललेली.
मी समोर आले की पाठ केलेलं वाक्य विसरायचा,
एक हात वर करून नुसता उभा,
शाळेत उशिरा पोचल्यासारखा.
शिट्टी वाजायची. तू मेलास. परत.
तो परत. झिग्मुंट परत. मी परत.

चहाच्या सुट्टीत ट्रकच्या सावलीला बूट काढून बसायचा.
टाचेचे फोड सुईनं टोचायचा.
पाणी काढ, कातडी राहू दे, मी म्हणायचे.
सांगायचा, चारला उठवतात.
चादरीची घडी फूटपट्टीनं मोजतात.
पाच वेळा पुसलेल्या रायफलीतून
कॉर्पोरल कानकाडीवर काळं काढून दाखवतो.
दाढी नीट फुटली नाही तरी गार पाण्यानं रोज वस्तरा.
रात्री न्हाणीत कुणीतरी रडतं.
कोण ते सगळ्यांना माहीत,
सकाळी त्याच्या ताटात कुणी तरी जास्तीचं अंडं टाकतं.

बुधवारी मृत्युपत्राचे फॉर्म भरून घेतले.
हॉलमध्ये अर्धा तास, परीक्षेसारखं.
नऊशे पौंड आईला. सायकल भावाला.
गळाच्या दोन्ही काठ्या बहिणीला,
कारण भाऊ खारं पाणी धूत नाही, गंजवून टाकेल.
हे सांगताना तो भावावर खरोखर चिडला होता.

एकदा विचारलं, तुम्ही ओरडता तरी काय?
मी घेवडा सांगितला.
चहा त्याच्या नाकातून आला.
पुढच्या खेपेला अंगणात, झिग्मुंटच्या प्रेतापलीकडून,
बंदूक खाली करून हळूच म्हणाला, घेवरा.
मी गप्प झाले. हसू आवरायला पदर तोंडात.
सार्जंटनं कागदावर लिहिलं: संवाद यशस्वी.

शुक्रवारी त्यांचे ट्रक निघाले.
तो हेल्मेट काखेत धरून आला, म्हणाला, जातो.
आमच्यात तसं म्हणत नाहीत. येतो म्हणायचं.
पण मी जातोय.
म्हणून तर.
येटो, तो म्हणाला.
जीभ दातांना लाव.
येटो. येठो.
मागून कुणीतरी त्याचं आडनाव ओरडलं.
चौथा प्रयत्न इंजिनाच्या आवाजात
जमला की नाही, मला ऐकू आला नाही.

सोमवारी नवी तुकडी. बूट कोरे, कान लाल.
झिग्मुंटला सर्दी झाली होती, मेल्यावर दोनदा शिंकला.
मी दारातून धावत आले.
दूध म्हटलं, गवार म्हटली, पाटल्या म्हटल्या,
कांदे बटाटे लसूण, सगळा बाजार म्हटला.
घेवडा तेवढा म्हटला नाही.
तो ठेवून दिलाय.