चौदा सेकंद

सफकच्या किनाऱ्यावरचं ऑर्लहॅम.
चर्चच्या हॉलमध्ये गुरुवारची सभा,
कोपऱ्यात चहाचा पिंप उकळतोय
आणि माझ्याकडे बेचाळीस स्लाइड.

मी सांगितलं, अणुभट्टी दोन सेकंदांत बंद होते.
पण बंद होणं म्हणजे निवणं नव्हे.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
हे यांना कसं सांगायचं?
म्हणून आलेख दाखवला, हळूहळू उतरणारा,
त्याची शेपटी पडद्यात मावेना.

त्या धगीला पाणी पाजत राहायचं, दिवसरात्र.
पाण्याला पंप, पंपाला वीज,
वीज गेली तर डिझेल: चार जनरेटर, चार वेगळ्या खोल्या.
दहा सेकंदांत सुरू होतात, म्हणाले मी.

तिसऱ्या रांगेतून मिसेस थर्कटल उठल्या.
"त्रेपन्नच्या पुरात मी सहा वर्षांची होते.
पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत.
वडील म्हणाले होते, बांध आहे ना."
पातळी दाखवायला छातीशी धरलेला हात
बराच वेळ तिथंच राहिला.
"तुमचं डिझेल कितव्या पायरीवर आहे?"

मागून कुणीतरी ओरडलं,
"पोराला नोकरी कोण देणार, समुद्र?"
थोडं हसू. थोड्या शिव्या.

मी एकतिसावी स्लाइड काढली. साडेसात मीटर.
उत्तर बरोबर होतं. तरी घशात काहीतरी अडकलं:

मार्चमधला तो मंगळवार, तीन नंबरची चाचणी.
बटण दाबून मी मनात मोजत होते,
मोजते अजून मराठीतच.
आठ, नऊ, दहा.
अकरा.
बारा-तेरा मोजल्याचं आठवत नाही.
चौदाला ते खोकललं, मग धडधडलं.
झडप चिकटली होती. बदलली. नोंद केली.
नोंद कुणीही मागून वाचू शकतं.
कुणी मागत नाही.

हे सांगायचं ठरलं नव्हतं.
सांगितलं.

साहेबांनी बुटांकडे पाहिलं.
थर्कटलबाई म्हणाल्या, "चौदा?"
आणि डोळे मिटून, ओठ हलवत
मोजून पाहिले.
सगळा हॉल थांबला.
ओरडणारासुद्धा.
चौदा फार लांब असतात.

मग त्या खाली बसल्या. काही बोलल्या नाहीत.

खुर्च्या रचून झाल्यावर साहेबांनी
पिंप उचलायला हात घातला
आणि चटकन मागे घेतला.
"बंद करून तास झाला ना?" बोट तोंडात घालत म्हणाले.

मी नळाखालचं फडकं ओलं करून दिलं.